यमुनाबाईची जोडीदारीण

यमुनाबाई गेल्याचं मला तिच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी अमरावतीला मुलाच्या घरी गॅलरीत मेथी निवडत बसले होते. सून म्हणाली, “मावशी, आई गेल्या.” मी विचारलं, त्रास झाला का? “नाही. सकाळी चहा मागितला, तो निवेपर्यंत…” मी म्हटलं, बरं झालं. तिला ते कसं लागलं कोण जाणे. नव्वदीला टेकलेली बाई चहा मागून गेली, यात रडण्यासारखं मला काही दिसलं नाही. मी मेथी पूर्ण निवडली. मग उठायचं सुचेना, म्हणून निवडलेली मेथी पुन्हा निवडत बसले.

आता महिना झाला. नात म्हणते, आजी, तुम्हा दोघींचं लिही, पेपरच्या पुरवणीत देऊ. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. त्यामुळे घडलं तसं लिहिते. तेरवीला लोक म्हणत होते, फार मायाळू होती. मायाळू नव्हती. तोंडानं फटकळ, मनात धरून ठेवणारी आणि एकदा ठरवलं की कोणाच्या बापाचं न ऐकणारी होती. मी तिच्याशी साठ वर्षं मैत्री ठेवली ती काही तिच्या गोडव्यासाठी नाही.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट आहे. आम्ही दोघी अकोल्याच्या एका जिनात कामाला होतो. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. मी जुन्या शहरात राहायची, नदी ओलांडून कामावर यायची. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की आत पांढरं धुकं भरल्यासारखं असायचं. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, भाकरीवर कापूस. ज्यांची लेकरं अंगावर पिणारी होती त्या बाया त्यांना सोबतच आणत आणि कापसाच्या ढिगाआड फडकं टाकून निजवत. माझा मुलगा दहा महिन्यांचा होता, यमुनाबाईची धाकटी त्याच्याहून थोडी मोठी. दिवसभर त्या धुकाट्यात पडून दोघंही खोकायची. यमुनाबाईचं म्हणणं एकच होतं : मालकानं लेकरांसाठी वेगळी खोली द्यावी आणि त्यांच्यापाशी एक म्हातारी बाई बसवावी. पण हे मालकाला सांगणार कोण? त्यासाठी बायांच्या कमिटीची अध्यक्ष व्हावं लागे.

कामगारांच्या संघटनेनं ही कमिटी नुकतीच काढली होती. नियम असा की अध्यक्षीण आणि उपाध्यक्षीण यांनी जोडीनं उभं राहायचं. एकाच कागदावर दोघींची सही, पडल्या तर दोघी, आल्या तर दोघी. समोर मुकादमाची बायको पार्वती उभी होती. मुकादम मालकाचा माणूस, म्हणजे पार्वती आली की खोली विसरायची. यमुनाबाईला तिच्या गल्लीतल्या बायांनी आधीच सांगून ठेवलं होतं, जोडीला कमलाला घे. कमला बोलायला गोड, नातेवाईक मोठे, तिच्यामागे चाळीसभर बाया सहज येतील. माझं, शेवंताचं, नाव कोणाच्या तोंडीही नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. आम्ही बौद्ध होऊन चार-पाच वर्षं झाली होती. धर्म बदलला तरी दुपारी जेवायच्या ओळी बदलल्या नव्हत्या. त्यांची ओळ भिंतीकडे, आमची दाराकडे.

यमुनाबाईनं माणूस पारखायची तिची रीत वापरली. शेजारी बसून जेवायची. तीन दिवस ती कमलाजवळ जेवली. चौथ्या दिवशी भाकरीचं फडकं घेऊन उठली ती सरळ आमच्या ओळीत येऊन माझ्या बाजूला बसली. सगळ्यांचे घास थांबले. लोकांना आता वाटतं तिनं माझ्या ताटातलं खाल्लं असेल. नाही. तिनं तिची भाकर खाल्ली, मी माझी. मी तिला म्हटलं, “तुले मतं पाहिजेत नं? मंग इथं काहून बसून राहिली? ऊठ. मायापाशी बसली तं दहा बाया आत्ताच गेल्या समज.”

तिनं मिरची चावली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “तीन दिवस कमली मले सांगून राहिली, तूच येतं, तूच येतं. पडशीन म्हणणारी तूच भेटली.” दुसऱ्या दिवशी कागद आणला. मी सही केली. तिला सही येत नव्हती, तिनं अंगठा दिला. गल्लीतल्या बाया तिला म्हणाल्या, डोकं फिरलं का वं तुयं? ती म्हणाली, “फिरलं असन. मत देता का नाई ते सांगा.”

मत द्यायला चिठ्ठ्या नव्हत्या, वाचणाऱ्या बायाच मोजक्या. संघटनेच्या मास्तरांनी ठरवलं, प्रत्येकीला एक सरकी द्यायची. दोन गाडगी मांडली, आमच्यावर हिरवी बांगडी ठेवली, पार्वतीच्यावर लाल. मुकादमाची माणसं बघत उभी राहणार म्हणून युक्ती यमुनाबाईनंच काढली : प्रत्येकीनं पदर दोन्ही गाडग्यांवर पसरायचा आणि त्याच्या आडून सरकी टाकायची. कोणाला कळायचं नाही. फार हुशारीची गोष्ट वाटली सगळ्यांना, मलाही. मी दाराशी बसून, आलेल्या प्रत्येक बाईच्या नावापुढे खूण करत होते.

मास्तरांनी मोजलं. आमच्या गाडग्यात बासष्ट, पार्वतीच्या सत्तावन्न. आमच्या बाया ओरडायला लागल्या, कमलानं तर यमुनाबाईच्या पाया पडून घेतलं. मी माझ्या खुणा मोजल्या. एकशे बारा. पुन्हा मोजल्या. एकशे बाराच. आणि सरक्या एकशे एकोणीस… वरच्या सात सरक्या आल्या कुठून? मी समोर पाहिलं. यमुनाबाई उभी होती आणि तिच्या पदराला तीन सरक्या चिकटलेल्या होत्या. बाजूच्या बाईच्या पदराला दोन. माझ्या पदरालासुद्धा. जिनातल्या बाईच्या लुगड्याला सरकी असतेच, ती आम्हाला दिसतच नाही, जसा स्वतःच्या घरचा वास येत नाही तसं. आम्ही सगळ्यांनी पदर पसरून गाडग्यांवर झाडले होते.

फरक पाचचा होता आणि सरक्या सात जास्त होत्या. मास्तरांच्या ते लक्षात आलं नव्हतं. पार्वती तर निघालीही होती. मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. माझं पोर तेव्हा ढिगाआड खोकत होतं, ते मला ऐकू येत होतं. तरी मी म्हटलं, “मास्तर, बाया एकशे बारा आल्या. सरक्या जास्त झाल्या.”

यमुनाबाईनं माझ्याकडे पाहिलं.

आठवड्यानं पुन्हा मतदान झालं. या वेळी तुरीचे दाणे होते, आणि प्रत्येकीनं दारातच पदर झटकून आत यायचं होतं. त्या आठवड्यात पार्वती गल्लोगल्ली फिरली. म्हणे, जी आपल्या जोडीदारणीची झाली नाही ती तुमची काय होणार? काही ठिकाणी माझ्या जातीवरूनही बोलली, आणि ते ऐकणाऱ्या बायाही होत्या. आम्ही नऊ मतांनी पडलो. खोली नाही, म्हातारी नाही. माझा मुलगा तो हंगामभर खोकला. त्याला रात्री मांडीवर उभा धरून बसताना दोनदा तरी माझ्या मनात आलं, तोंड बंद ठेवायचं होतं. ते खोटं सांगत नाही.

यमुनाबाई वर्षभर माझ्याशी बोलली नाही. एक मात्र करायची. सुटी झाली की फाटकाशी माझी वाट पाहायची, मी आले की माझ्यासमोर पदर जोरात झटकायची आणि चालू लागायची. सरक्या माझ्या पायावर पडायच्या. रोज. बाया हसायच्या. मीही एकदा म्हटलं, “मोजून घेऊ काय वं?” तर तिनं दुसरीकडे तोंड फिरवलं, पण हसू तिलाही आलं होतं, मला दिसलं.

पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा निवडणूक लागली. या वेळी जोडीला आपणच, म्हणून कमलानं साडीसुद्धा घेऊन ठेवली होती. एका दुपारी यमुनाबाई जुन्या शहरात माझ्या दारात येऊन उभी. आत येण्याआधी तिनं पदर झटकला. “पाहून घे. नाई एकही.” मग बसली आणि म्हणाली, पाणी दे. मी लोटा दिला. तिनं तो तोंडाला लावून रिकामा केला, जसा बहिणीच्या घरी करतात, आणि कागद पुढे केला. “सही कर.”

मी म्हटलं, “कमलेले घे. मायापायी एकदा पडली.”

“मांगच्या साली तू मले पाडलं. आता तूच निवडून आण.”

“अन् नाई आलो तं?”

“येऊ. साऱ्या जिनाले ठाऊक हाये, शेवंता आपल्याच माणसाले बुडवन, पण खोटं नाई बोलणार. मालकापुढं नेवाले मले अशीच बाई पाहिजे.”

आलो निवडून. मालकाच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या राहिलो. यमुनाबाईनं सगळं नीट सांगितलं. मालकानं विचारलं, लेकरं किती? ती म्हणाली, एकवीस. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “एकोणीस. दोघं आता चालतात, ते घरीच राहतात.” मालक हसला, मुनीमाला म्हणाला, सरकीच्या कोठाराजवळची खोली रिकामी करून द्या. बाहेर आल्यावर यमुनाबाई म्हणाली, “दोन पोट्ट्यांनी तुयं काय बिघडवलं होतं वं?” पुढे दोन-तीन दिवस फुगून होती.

जिन पुढे बंद पडला. मी मुलासोबत अमरावतीला आले, ती अकोल्यातच राहिली. पण माझ्याकडे आली की दाराबाहेर थांबून पदर झटकायची. तिच्या अंगावर सरकी पडून चाळीस वर्षं झाली होती. माझा मुलगा विचारायचा, मावशी, हे काय? ती म्हणायची, “तुया मायले विचार. लई मोजते ते.”

तेरवीला गेले तेव्हा सुनेनं मला तिचं एक लुगडं दिलं, हिरव्या काठाचं. बसनं परत आले. दारात आल्यावर पिशवीतून लुगडं काढलं, पदर मोकळा केला आणि एकदा झटकला. काही पडलं नाही. पडणार नव्हतंच. तरी मी खाली वाकून पाहिलं, आणि मग आत गेले.