गंजीवरची सावली

नसरापूरच्या बाजारात आता जिकडेतिकडे फ्लेक्स लटकतात आणि त्यांवर वाढदिवसाचे भाऊ गॉगल लावून हसत असतात. एके काळी या रस्त्यावरची प्रत्येक पाटी सावळाराम पेंटरच्या हातची होती. किराणा, पिठाची गिरणी, दाताचा दवाखाना, काहीही असो. अक्षर असं टपोरं, की चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्यालाही लांबून वाचता यावं. फ्लेक्स आले तेव्हा सावळारामनं एक शिवी हासडली, ब्रश धुतले आणि मार्गासनीला धाकट्या भावाशेजारी, गेनबाशेजारी, राहायला गेला. बायको अंबूबाई खूश झाली. "आता तरी हाताचा रंग जाईल आन् माती लागंल," म्हणाली.

कसली लागतेय! जित्याची खोड ती. विळा घेऊन शेतात उभा राहिला तरी हा गडी ऊनच बघत राहायचा. भाताच्या खाचरावरचं सकाळचं ऊन वेगळं कसं आणि चारचं वेगळं कसं, हे तो बायकोला समजावून सांगायचा. ती म्हणायची, "सकाळी बी च्या लागतो, चारला बी च्या लागतो. ऊन घिऊन काय करू?"

भात झोडून झाला की पेंढ्याची गंज रचतात. एकानं खालून पेंढ्या फेकायच्या, दुसऱ्यानं वर उभं राहून त्या लावत जायच्या. गंज वाढते तसा वरचा माणूस उंच जातो. शेंडा बांधून झाल्यावर त्यानं आपल्या मनानं उतरायचं नाही, कारण पेंढा निसरडा आणि पायाखालचं काही दिसत नाही. खालच्यानं शिडी लावायची, घट्ट धरायची आणि 'उतर' म्हणायचं. मगच वरच्यानं पाय खाली सोडायचा. घराघरात हीच रीत.

गेल्या वर्षी अंबूबाई वर होती आणि सावळाराम खाली. शेंडा बांधून झाला तेव्हा ऊन कललं होतं. सगळी गंज पिवळीधमक झाली होती आणि तिच्या माथ्यावर अंबूबाई पदर खोचून उभी होती.

"अवं, उतरू का?" तिनं विचारलं.

"थांब. हालू नगं," सावळाराम म्हणाला आणि शिडी तशीच भुईवर टाकून गोठ्यातून कोळसा आणि पत्रा आणायला पळाला. त्याला तिचं चित्र काढायचं होतं. परत आला तेव्हा ती गंजीच्या पायथ्याशी पडली होती. पाय घसरला की चक्कर आली, कुणी पाहिलं नाही. जीव जागीच गेला होता.

लोकांनी त्याला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं.

यंदा गेनबानं त्याच जागी नवी गंज रचली आणि सावळाराम जुन्या पाट्या उलट्या करून ती रंगवायला बसला. धुक्यातली, कोवळ्या उन्हातली, भर दुपारची, मावळतीची. गंज तीच, पाट्या मात्र वाढत चालल्या.

"दादा, गंज काय पळून चाललीया व्हय?" गेनबानं एकदा विचारलं. सावळारामनं आणखी एक पाटी उलटी केली. वर उभी असताना अंबूबाई हसत होती की रागावली होती, हेच त्याला आठवत नव्हतं. उन्हानं त्याचे डोळे दिपले होते. ते ऊन पुन्हा सापडलं तर तिचा चेहरा सापडेल, एवढ्याच आशेवर तो जगत होता.

संक्रांतीला त्याची मुलगी मोहिनी भोरहून आली. पडवीत ओळीनं लावलेल्या पाट्या बघत ती पुढे सरकत गेली आणि थबकली.

"आण्णा, गंजीवर कोन उबं हाय?"

"कोन न्हाई. नीट बघ की."

"मग सावली कुणाची काढलीया?"

सावळारामनं वाकून पाहिलं. सकाळच्या चित्रात गंजीची सावली खाचरापर्यंत लांबली होती आणि तिच्या टोकाला पदर खोचलेली बाई उभी होती. मावळतीच्या चित्रात ती दुसऱ्या बाजूला पडली होती. दुपारच्या चित्रात गंजीला चिकटून एवढीशी. प्रत्येक पाटीवर ती होतीच. आपण ती काढल्याचं त्याला आठवेना. जसं दिसलं तसं त्यानं रंगवलं होतं.

"म्या तिला थांब म्हन्लो," तो पुटपुटला. "उतर म्हन्लोच न्हाई."

चारच्या सुमाराला तो एकटाच गंजीकडे गेला. माथ्यावर कुणी नव्हतं. भुईवरच्या सावलीत मात्र ती उभी होती, जराही न हलता. जन्मभर रंगवत बसलं तरी ती अशीच उभी राहील, हे त्याला कळलं. त्याचा त्याला मोह पडला आणि मोह पडला म्हणून स्वतःची लाजही वाटली. वर्षभर उन्हापावसात उभी होती बिचारी.

त्यानं शिडी आणून गंजीला लावली, दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि वर बघितलं. ऊन थेट डोळ्यांत आलं. चेहरा याही वेळी दिसला नाही.

"अंबू," तो म्हणाला, "उतर."

शिडी हातात थरथरली. आधी वरची पायरी करकरली, मग तिच्याखालची, मग त्याच्या डोक्याजवळची. मग शिडी एकदम हलकी झाली. भुईवर आता नुसती गंजीची सावली होती.

"आण्णा, च्या झालाय!" मोहिनीनं घरातून हाक मारली. सावळाराम शिडी धरून मोठ्यानं रडत होता. वर्षभरात तो पहिल्यांदाच रडला.