कारण लिहून द्या

आमच्या दोन घरांत एकाच विटेची भिंत. न ऐकायचं ठरवूनही त्या संध्याकाळचं भांडण मला ऐकू आलंच.

"अहो, नुसतं जाऊन हात जोडायचेत," पलीकडे प्रेमला नवऱ्याला म्हणत होती. "त्या पुढाऱ्याचा शब्द मंत्र्यापर्यंत जातो. पोरगा सुटेल माझा!"

"मंत्री काय राजा आहे, मर्जी झाली की सोडायला?"

"असू दे की राजा! वाकायला तुमचं काय जातं?"

"आणि ज्याची ओळख नाही, त्याच्या पोरानं आतच मरायचं?"

"लोकांची पोरं मला सांगू नका. मला एकच आहे."



भीमराव भाऊजी वारज्यात आमचे तीस वर्षांचे शेजारी. बसवर कंडक्टर होते. एकदा आपल्याच खात्याच्या बड्या साहेबाला म्हणाले, "साहेब आहात ते दिसतंय. पास दिसत नाहीये." साहेबानं तिकीट काढलं, आणि भाऊजींना वर्षभर स्वारगेटहून पहाटेची पहिली गाडी मिळाली. असा माणूस.

त्यांचा संजय जन्मठेपेत होता. मारामारीत त्याच्या हातून एक जीव गेला. भाऊजींनी ते कधी झाकलं नाही. चौदा वर्षं भरली की पुढची शिक्षा माफ करायची का, ते सरकार ठरवतं. सरकारनं एका ओळीत कळवलं, विनंती अमान्य.

भाऊजी हायकोर्टात गेले. वकीलबाई चैताली, कोथरूडची. ती म्हणाली, "काका, कोर्ट स्वतः सोडणार नाही. माफी सरकारच्याच हातात. पण का नाकारली, ते विचारेल."

"तेवढंच पाहिजे. माझ्यावर चेकर होता, त्यांच्यावर नको?"

कोर्टानं विचारलं. दोन महिन्यांत पुन्हा ठरवा, कारणं लिहा. प्रेमला मला म्हणाली, "आक्का, हे म्हणतात जिंकलो. मग पोरगा कुठाय?"

दोनाचे पाच महिने झाले. चौथ्या महिन्यात प्रेमला गेली. संजयला पोलिसांनी अंत्यदर्शनाला तासभर आणलं. भाऊजी त्याला एवढंच म्हणाले, "जेवलास का?" गाडी परत गेली.

मग सरकारचा दीड पानाचा कागद आला. भाऊजींनी माझ्या ओट्यावर बसून वाचला. शेवटी लिहिलं होतं, आई मयत, घरी सांभाळणारं कोणी नाही, म्हणून सोडता येत नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तेव्हा हात जोडले असते तर?"

 "ती असतानाच पोरगा घरी आला असता कदाचित. रोज तेच मनात येतं, वहिनी." कागदाची घडी घातली. "पण आता कारण तरी कळलं. कारणाला उत्तर देता येतं."

उत्तर त्यांनी गुरुवारी टाकलं. शुक्रवारी सकाळी त्यांचं दार उघडलंच नाही; रात्री झोपेतच गेले.

गुरुवारी मात्र सगळं रोजच्यासारखं. दहाला इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "वहिनी, पोस्टात चाललोय. काही आणू?"

"कढीपत्ता आणा. आणि लिहिलंय काय ते तरी सांगा."

"एकच ओळ आहे. घरी सांभाळायला मी आहे."

तासाभरानं आले. कढीपत्ता माझ्या हातात दिला, पावतीवरचा नंबर, तारीख, शिक्का नीट तपासला, ती घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि आपल्या घरात गेले.