आरेच्या रस्त्यावर थांबलेला बाण

रविवारी सकाळी मुलुंडहून निघालो तेव्हा गाडीत दोन टॅबलेट होते. एक जुना, तापला की काळा पडणारा. दुसरा नवा, मोठा, आदल्या दिवशी विलास सावंतांनी मुलीसाठी आणलेला. मुलगी गौरी धुळ्याकडे छोटं विमान चालवायला शिकते. सोमवारी तिला पहिल्यांदाच एकटीने दूरच्या धावपट्टीवर जाऊन परतायचं होतं. मागच्या उड्डाणात जुन्या टॅबलेटवरचा नकाशा मध्येच गेला. शेजारी प्रशिक्षक होते म्हणून निभावलं. ‘भरवशाचा नकाशा दाखव, मगच एकटीला सोडेन,’ असं त्यांनी बजावलं होतं.

मी सावंतांचा शेजारी. अंधेरीला काम होतं, म्हणून मागच्या सीटवर.

पवईपर्यंत नव्या टॅबलेटवरचा निळा बाण गाडीबरोबर नीट चालला. सावंत खूश होते. “बघ, केवढो मोठो दिसता.”

“दिसतो बाबा. पण जरा आरेतून घ्या,” गौरी म्हणाली. टॅबलेटला फोनची मदत मिळू नये म्हणून तिने तो बंद केला.

फिल्टरपाड्याहून आरेत शिरलो. इमारती संपल्या. दोन्ही बाजूंना झाडी, मग म्हशींचे गोठे, एका पाड्यापाशी उन्हात घातलेलं वाळवण. हवा एकदम गार झाली. बाण मात्र पवईतच उभा.

“ह्यो अजून थंयच (तिथेच) कसो?” सावंतांनी वेग कमी केला.

“यात उपग्रहाचा सिग्नल घेणारी चिप नाही. आजूबाजूच्या वायफायवरून अंदाज बांधतो. इथे वायफाय नाही. वर तर नाहीच.”

सावंतांनी पडद्यावर बोटाने टकटक केलं. “दुकानदार म्हणालो, सगळ्यात मोठो ह्योच.”

“पिक्चर बघायला झकास आहे ना.”

दिंडोशीजवळ हायवेला लागलो आणि बाण उडी मारून गोरेगावात आला.

अंधेरीच्या दुकानात गौरीने लहान आकाराचे, सिमकार्डाची जागा असलेले टॅबलेट मागितले. अशांमध्ये ती चिप सहसा असते, पण खात्री रस्त्यावरच करणार, असं तिने विक्रेत्याला आधीच सांगितलं. मग एक उन्हात नेला आणि गॉगल लावला. आडवा धरल्यावर पडदा दिसला, उभा धरताच काळा झाला.

“मॅडम, गॉगल काढा ना,” विक्रेता म्हणाला.

“समोर सूर्य असतो, दादा.”

दुसरा दोन्ही बाजूंनी दिसला. ती स्टुलावर बसली. टॅबलेट मांडीला ओढणीने बांधला आणि गुडघ्यांमध्ये पाण्याची बाटली उभी धरून डावी-उजवीकडे कलवली. विमानाचा दांडा असाच फिरतो. बाटली टॅबलेटला लागली नाही. बापाने आणलेला मोठा बांधून पाहिला, तर प्रत्येक वळणाला आपटत होता. हा प्रयोग तिने लपवला नाही, त्यावर हसलीही नाही. मला तिचं हे फार आवडलं.

नंतर निवडलेला टॅबलेट तिने चालू करून गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवला. आम्ही चहा घेऊन आलो तरी नकाशा जागेवर होता.

परतताना सावंतांनी न सांगताच गाडी आरेत वळवली. गोठे आले, पाडा आला. मांडीवरचा बाण प्रत्येक वळण घेत होता. गौरीने पिशवीतून घडीचा कागदी नकाशा काढून टॅबलेटखाली ठेवला. “हा गेला तर हा.”

“मोठा परत करूया?” मी विचारलं.

“कित्याक (कशाला)? माझ्या घरात वायफाय आसा,” सावंत म्हणाले. “माका खंय (कुठे) जावचा आसा?”

या रस्त्याने मी कितीदा गेलो असेन. आपण कुठे आहोत, हे शहर इथे आपल्याला सांगत नाही, हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

मुलुंडला धुळ्याच्या बससाठी गौरी बॅग घेऊन उतरली. सावंत काच खाली करून म्हणाले, “गो, खाली उतारलंस की फोन कर. बाणाचा माका सांगा नको.”

सोमवारी दुपारी आमच्या भिंतीपलीकडे फोन वाजला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.