नारळ फुटला आणि राजीनामा आला

मंडळी, आमच्या कात्रजच्या कारखान्यातून आज पाण्याचे पंप आफ्रिकेतल्या एका देशात निघायचे होते. नेहमीप्रमाणे पहिल्या खोक्यावर नारळ फोडला, खोबरं वाटलं.

तेवढ्यात तिथल्या व्यापाऱ्याचा फोन आला. "माल पाठवू नका. अध्यक्षांनी राजीनामा दिलाय, बँका बंद आहेत."

मी हे सांगताच रोजंदारीवरच्या, पॅकिंगवाल्या सुनीताताई खोबरं हातात धरून म्हणाल्या, "अहो, तो माणूस आपला कोण? मग आमचं काम का थांबलं?" उद्यापासून त्यांना घरीच बसावं लागणार, हे माझ्याने सांगवेना.

वीस वर्षं खुर्चीला चिकटलेल्या त्या अध्यक्षाला मी कायम हुकूमशहा म्हणायचो. आज मनात आलं, अजून महिनाभर बसला असता तर काय बिघडलं असतं?

व्यापाऱ्याच्या त्या फोनवर मागे लोकांचा जल्लोष ऐकू येत होता. दुसऱ्यांच्या सुटकेचं असं वाईट तुम्हाला कधी वाटलंय?