तीनशे बैठका

मी निघालो त्या दिवशी आप्पांनी आशीर्वाद दिलाच नाही, माझा दंड चाचपला. तंजावरच्या प्लॅटफॉर्मवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, बाजारात वांगं दाबून बघावं तसा. म्हणाले, "हा असाच परत आण." आई पुळियोदऱ्याची, चिंचेच्या भाताची, पुरचुंडी माझ्या हातात कोंबत म्हणाली, "अहो, पोर कॉलेजात चाललंय, कुस्तीला नव्हे!" आप्पांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी हलली, तेव्हा मी खिडकीतून हात हलवला आणि ते दुसरीकडेच बघत उभे राहिले. मला राग आला होता, आणि त्या रागाखाली रडू होतं.

गोदे, तू थोरली, तंजावरातच पण सासरी होतीस. व्यंकू, तू तर घर सोडून माझ्याही आधी रंगूनला पळालास. तेव्हा तुमच्या मागं आपल्या तालमीचं काय झालं, ते तुम्हाला कोणी नीट सांगितलं नसेल. राजाचं राज्य गेलं आणि सरकारी तालमीतले वस्ताद घरी बसले. आप्पांनी मागच्या परसात माती टाकून चार पोरं जमवली. त्यातलं एकेक कचेरीत, रेल्वेत, जहाजावर निघून गेलं. शेवटी उरलो मी एकटा. मलाही त्यांनी स्वतःच कुंभकोणच्या कॉलेजात घातलं. म्हणाले, "साहेबाची विद्या शीक, पण अंग मोडू देऊ नको. रोज शंभर बैठका. बाकी काही मागत नाही."

आपल्या तालमीचा नियम तुम्हाला आठवतोच. आपल्या बैठका आपण मोजायच्या नाहीत. करणाऱ्यानं करायच्या, समोर बसलेल्यानं मोठ्यांदा मोजायच्या. आप्पा म्हणत, स्वतःचं स्वतः मोजणारा आधी दमतो आणि मग लबाडी करतो. लहानपणी मला हे उगाचच वाटायचं.

कुंभकोणात मी कावेरीजवळच्या एका गल्लीत, एका पाट्टीच्या, म्हणजे म्हाताऱ्या आजीच्या, घरी मागची खोली घेतली. पाट्टी एकटीच होती. तिचं भात इन्नंबूरच्या शेतावरून यायचं आणि तिचं बोलणं सगळं त्या भाताबद्दल. बाई मायाळू होती, पण तिच्या घरात मराठीचा शब्द नव्हता. कॉलेजात इंग्रजी, रस्त्यात तामिळ, रात्री वहीत पुन्हा इंग्रजी. चार चार दिवस माझ्या तोंडून मराठी निघायची नाही. एकदा पायाला ठेच लागली आणि "आई गं" म्हणालो, तर माझाच आवाज ऐकून दचकलो. इतका एकटा मी त्याआधी कधी नव्हतो आणि पुढंही झालो नाही.

पहिल्या दिवसापासून पहाटे उठून परसात बैठका सुरू केल्या. पण मोजणार कोण? शेजारच्या खोलीत रामनाथन म्हणून माझ्याच वर्गातला मुलगा होता, त्याच्या हातापाया पडलो. तो कबूल झाला, पण भूमितीचं पुस्तक उघडं ठेवून बसायचा. "मुप्पत्तेळु," म्हणायचा, मग एक अख्खा सिद्धांत पाठ करायचा, आणि पुन्हा "मुप्पत्तेळु". मी चाळीस बैठका मारून सदतीसवरच! वर पाट्टी विहिरीवरून ओरडायची, "तंबी, कशाला हा त्रास? देवळात जाऊन प्रदक्षिणा घाल, तेवढंच पुण्यही लागेल." हसू यायचं, पण महिनाभर नेम चालला. आप्पांना कार्ड टाकलं की शंभर होतात. ते खरं होतं.

मग परीक्षा जवळ आली. सकाळी सातला त्रिकोणमितीची जादा शिकवणी, दिवसभर वर्ग, संध्याकाळी निबंध. रामनाथननं हात जोडले, "बाबा रे, आता मला सोड." मी स्वतःच मोजून बघितलं. पंधराव्याला मन निबंधात जायचं, विसाव्याला अंथरूण दिसायचं. मोठ्यांदा मोजायची तर लाज वाटायची, मनात मोजायची तर आकडा हरवायचा. एक दिवस चुकला, दोन चुकले, आणि मग चुकण्याचाच नेम झाला. वर्गातल्या पोरांबरोबर कॉफी पिऊन पुस्तकावर वाकून बसायची सवय लागली. पाठ धरायला लागली, जिना चढताना धाप लागू लागली. सगळेच तसे होते, म्हणून कोणाला काही वाटत नव्हतं.

आप्पांचं कार्ड मात्र दर आठवड्याला यायचं. मोडीतल्या तीन ओळी. घरी सर्व क्षेम, आई विचारते जेवतोस का, बैठका किती. मी लिहिलं, शंभर. एवढं एकच खोटं, त्यात काय मोठंसं! उत्तर आलं, "शाबास." आता खरं सांगतो, त्या परक्या गावात मला शाबास म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. पुढच्या कार्डात मी दीडशे लिहिलं. मग दोनशे. मार्गळी महिन्याच्या थंडीत, ज्या दिवशी मी घोंगडीतून हातसुद्धा बाहेर काढला नव्हता, त्या दिवशी लिहिलं तीनशे.

पोंगलाच्या सुट्टीला न कळवता घरी गेलो. पहाटेची गाडी होती. तंजावरला उतरून घरापाशी आलो तेव्हा नुकतं फटफटत होतं. दारात आई कोलमची रांगोळी घालत होती. मला बघून ती उठणार, तोच परसातून आप्पांचा आवाज आला. "एकशे एकोणतीस. एकशे तीस." खणखणीत, पण मधे खोकला. मला वाटलं, आप्पांना नवीन पोर मिळालं. खरं सांगतो, हेवा वाटला. मी घाईनं मागं गेलो.

तालमीत कोणी नव्हतं. आप्पा धाबळी पांघरून पायरीवर बसले होते आणि रिकाम्या मातीकडे बघत मोजत होते.

आई माझ्या मागून आली आणि हळूच म्हणाली, "तू लिहितोस तेवढ्या मोजतात. तिथं तुला मोजणारं कोण आहे, म्हणतात. तीनशे झाल्याशिवाय पेजसुद्धा घेत नाहीत. थंडीनं छाती भरलीय, मी ओरडून थकले. जरा कमी करत जा रे बाबा!"

मला तिथंच गाडून घ्यावंसं वाटलं. शंभर लिहिलं असतं तर त्यांना तिसरा हिस्साच बसावं लागलं असतं. मी सदरा काढला, मातीत उतरलो. आप्पांनी बघितलं, पण थांबले नाहीत. "एकशे अडतीस," म्हणाले, आणि मी बैठक मारली. दहा झाल्या, वीस झाल्या. तिसाव्याला मांड्या थरथरू लागल्या. दोन कमी चाळीस झाल्या आणि मी मातीत बसलो तो उठेचना.

तीनशे मारणारा अडतिसात बसत नाही, हे वस्तादाला कोणी सांगायला नको. आप्पांचा आवाज बंद झाला. मी मान खाली घालून शिव्यांची वाट बघत होतो. ते पायरीवरून उतरले, माझा दंड चाचपला. मग म्हणाले, "अडतीस तर अडतीस. शून्य असेल तर शून्य लिही. पण मला तिथं बसवून ठेवू नको."

मी ओक्साबोक्शी रडलो. एकोणीस वर्षांचा घोडा, आईसमोर.

त्यानंतर मी खरं लिहीत गेलो. बावीस. तीस. आज नाही, ताप. सव्वीस. परीक्षेच्या आठवड्यात नऊ. सकाळची पहिली घटका मी बैठकांना दिली आणि त्रिकोणमिती दुसऱ्या घटकेला आली, पास व्हायचा तो झालो. पण आप्पांची छाती काही सुधारली नाही. पुढच्या मार्गळीत ते गेले. कोणी म्हणतं वय होतं, कोणी म्हणतं थंडी. मी त्या थंडीतल्या सकाळी मोजतो, किती माझ्या खोट्यापायी होत्या, आणि तो हिशेब मला लागत नाही.

मी कुंभकोणातच राहिलो. इथल्या शाळेत मास्तर आहे, पोरं तामिळमधून भांडतात, बायको उडदाच्या पिठाची डांगर पचडी करते तेव्हा तेवढं घर मराठी होतं. गोदे, तालमीच्या जागी तुम्ही गाईंचा गोठा केलात, ते बरं केलंत, रिकामी माती मला बघवली नसती. पहाटे मी अजून उठतो. नियम मोडून माझं मीच मोजतो. आज सोळा झाल्या, मग गुडघ्यानं ऐकलं नाही. इथं हे कोणाला सांगितलं तर म्हणतील, मास्तर, या वयात पुरे झालं. त्यांचंही खरंच आहे. पण सोळा हा आकडा जिथं नुसता सांगता येतो आणि ऐकणाऱ्याला त्यातलं सगळं कळतं, असं ठिकाण मला आता तुम्हा दोघांवाचून उरलेलं नाही.