कांद्याच्या गोणीवरचं नाव

सन २००४ची गोष्ट, तवा मी बावन्न वर्षांचा. गोणीवरच्या ओल्या रंगाचा वास आला, की आजही वडगाव रासाईचा तो पार आठवतो. व्याख्यानाला आलेल्या लेखिकाबाईंनी विचारलं, "कांद्याची लागण कोण करतं?"

पुढच्या खुर्चीतून मी ताठ मानेनं म्हणालो, "मी!"

मागं बायकांत बसलेली माझी बायको सखू बोलली, "व्हय, बांधावर उभं राहून!"

सगळा पार हसला. बाई म्हणाल्या, "मग आप्पा, गोणीवर नाव कुणाचं?"

"माझं. आन् माझंच राहणार!"

तवा तो सवाल लई झोंबला. रातभर डोक्यात तेच: वाकून रोपं लावली सखूनं, आन् गोणीवर नाव माझं. आता आठवला की हसू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोण्या बाजाराला निघाल्या, तवा मी लाल रंगात ब्रश बुडवला आन् प्रत्येक गोणीवर माझ्या नावाच्या वर सखूचं नाव लिहिलं.

"तुमचं खोडू नका," सखू म्हणाली, "गोण्या उचलायला माणूस लागंल."

मी पहिली गोणी खांद्यावर घेतली.