सुंदररावांची परवानगी

आमच्या गेवराईकडच्या गावात सुंदरराव काकांना आजकाल कुणी काही विचारत नाही. सरपंच विचारत नाही, सोसायटी विचारत नाही, काकूनं तर लग्नापासूनच सोडून दिलंय. विचारतो एकटा फोन. 'या ॲपला तुमचे संपर्क पाहू द्यायचे का?' असं आलं की काका घसा खाकरतात, छाती काढतात आणि तालुक्याचा रस्ता मंजूर केल्यासारखं बोट टेकवतात. "दिली बे परवानगी. आमच्या दारात आलेला रिकाम्या हातानं जात न्हाई."

गड्याचा पेला अजून खिडकीत वेगळा पालथा असतो. माणसांना उंबऱ्याची एवढी शिस्त; बॅटरी वाचवणारं फुकटचं ॲप मात्र थेट माजघरात.

त्यांची लेक राजनंदिनी संभाजीनगरला कंप्युटर शिकते. तिनं परोपरीनं सांगितलं, "अण्णा, फोनच्या आत प्रत्येक ॲपला वेगळ्या खोलीत कोंडलेलं असतं. एकाला दुसऱ्याचं काही दिसत न्हाई. बाहेर यायचं तर ते तुमाला विचारतं. तुमी हो म्हणलं की कडी निघाली."

"मालक कोन? मी का ती खोली?"

मग व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरवरून 'लग्नपत्रिका' नावाची फाइल आली. फोन म्हणाला, धोका असू शकतो. "धोका? आमाला?" बोट टेकलं. मेसेज पाठवू द्यायचे का? दिले. संपर्क? घ्या. पत्रिका काही दिसली नाही. संध्याकाळपर्यंत काकांच्या नंबरवरून साऱ्या गोतावळ्याला मेसेज गेला: 'आमच्या घरी लग्न आहे. पत्रिका उघडा, नक्की या.'

त्या गोतावळ्यात माजलगावचे विजयसिंह होते. मुलासाठी राजनंदिनीला पाहून गेलेले, होकार बाकी. या स्थळासाठी काकांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या ओसरीवर वाट बघत बसणं सोसलं होतं. विजयसिंहांचा फोन आला. काका नेहमी स्पीकरवरच बोलतात, गावाला ऐकू जावं म्हणून.

"सुंदरराव, मेसेज आला तुमचा. आमी अजून हो म्हणलं न्हाई, म्हंजे दुसरीकडं जुळवलं का?"

राजनंदिनी कुजबुजली, "चुकून दाबलं म्हणा. अन् ते उघडू नका म्हणावं."

चुकून. हा शब्द ऐकताच काकांचं तोंड कडू कारलं खाल्ल्यासारखं झालं. घसा खाकरला. "त्याचं काय हाय विजयसिंह, आमच्या फोनमधून आमच्या परवानगीबिगर काडी हालत न्हाई."

"मंग जुळलं?"

"जुळलंच म्हणायचं."

"बरं. आमी उद्या होकार घेऊन निघणार होतो." फोन बंद.

काकांनी फोन खाली ठेवला तो लगेच पुन्हा वाजला. छबुबाई आत्या विचारत होती, मला कळवलं न्हाई कावून? तिच्यामागून आचारी, पंगत किती लोकांची?

राजनंदिनी समोर येऊन बसली. "अण्णा, मला तरी सांगा. नवरा कुठला हाय?"